सबटलेक्स-यूएस: यादी उत्तम, पण उघडली आणि वापरली असं करू नका

रोजचा शब्द वाचताना झटकन ओळखला जातो, क्वचितचा अडवतो. हे प्रयोगात मोजायचं तर 'रोजचा' म्हणजे किती रोजचा, त्याचा आकडा लागतो. इंग्रजीसाठी वर्षानुवर्षं कुचेरा-फ्रान्सिस (1967) ही, कुठला शब्द किती वेळा येतो हे सांगणारी यादी चालली. तिचा पाया जेमतेम 10 लाख छापील शब्दांचा, त्यामुळे एकदा आलेला शब्द आणि तीनदा आलेला शब्द यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. पंचाईत अशी की वारंवारतेचा (शब्द किती वेळा येतो याचा) परिणाम सर्वांत तीव्र असतो तो नेमका याच दुर्मिळ शब्दांत.

ब्रिसबार्ट आणि न्यू या संशोधकांची सबटलेक्स-यूएस (2009) ही तशीच यादी चित्रपट-मालिकांच्या 8,388 सबटायटल फाइल्समधल्या 5.1 कोटी शब्दांवर उभी आहे. फुकट मिळते. 'शब्द की निरर्थक अक्षरं' या बटण दाबण्याच्या चाचणीतले वेळ जुन्या यादीपेक्षा हिच्यावरून स्पष्ट जास्त चांगले वर्तवता येतात.

कच्चा आकडा मात्र विश्लेषणात घालू नका, झिफ मापावर आणा: दहा लाख शब्दांमागे शब्द किती वेळा येतो त्याचा 10 पायाचा लॉग, अधिक 3. 5.1 कोटी म्हणजे 51 वेळा दहा लाख, म्हणून शब्द 500 वेळा आला असेल तर 500 भागिले 51, म्हणजे दहा लाखांत 9.8. त्याचा लॉग 0.99, अधिक 3, झिफ 3.99. 50 वेळा आलेल्याचा 2.99. साधारण 3 च्या खाली दुर्मिळ, 4 च्या वर रुळलेला. प्रयोगासाठी निवडलेल्या दुर्मिळ आणि रुळलेल्या या दोन्ही गटांत अक्षरसंख्या सारखी ठेवा, नाहीतर लांबीचा परिणाम वारंवारतेच्या नावावर खपतो.

आता खड्डे. 'बिल', 'मार्क', 'रोज' (गुलाब) या इंग्रजी शब्दांच्या एकूण मोजणीत माणसांची नावंही शिरलेली असतात. लहान अक्षराने सुरू होणारी मोजणी 'फ्रेकलो' या स्तंभात वेगळी आहे, ती ताडून बघा. अ‍ॅपॉस्ट्रॉफीवर शब्द तुटतात, म्हणून एकटे 'एस' आणि 'टी' यादीत अगदी वर दिसतात. ते काढून टाका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या साधनात फाइल वाचताना 'नल' हा शब्द रिकामी जागा समजून गायब होतो, त्यासाठी 'कीप डिफॉल्ट एनए' हा पर्याय 'फॉल्स' करा. एक्सेल 'ट्रू' या शब्दाला तार्किक मूल्य करून टाकतं. आणि 'लेड' (शिसं) व 'लीड' यांचं स्पेलिंग एकच असल्याने मोजणीही एकच. असे शब्द यादीतून वगळलेलेच बरे.

किती चित्रपटांत शब्द आला, हा 'सीडी' स्तंभ बरेच जण बघतही नाहीत. एकाच चित्रपटात दोनशे वेळा आलेला शब्द तो लगेच पकडून देतो, आणि ओळखीचा वेळ वर्तवण्यात तो साध्या वारंवारतेपेक्षा किंचित सरसच ठरतो.

पुण्या-नागपूरच्या वाचकांवर प्रयोग करताना 'शेरीफ'सारख्या शब्दांचा आकडा मनावर घेऊ नका. तो पडद्यावरच्या अमेरिकेचा आहे. 'कलर'चं यू असलेलं स्पेलिंग लागणार असेल तर बीबीसीच्या सबटायटल्सवरची, 20 कोटी शब्दांची सबटलेक्स-यूके घ्या.