पोलो जीटी टीएसआय: नवे ब्रेक पॅड, आठ महिने आणि एक पावसाळा

फेब्रुवारीत बेळगावहून परतताना चोर्ला घाटाचा उतार मी जरा मस्तीतच उतरलो. खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसेपर्यंत पेडल स्पंजासारखं मऊ झालं होतं आणि पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. केरीला गाडी बाजूला घेतली आणि तिथेच ठरवलं, आता चांगले पॅड टाकायचे.

निदान अर्धंच बरोबर होतं. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय. माझं दुसरं होतं. ऑइल तीन वर्षांचं जुनं आणि पॅड जेमतेम ३ मिलिमीटर उरलेले. पातळ पॅडमधून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते, म्हणजे दोन्ही चुका माझ्याच. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा शोषल्यावर तो १५५ वर येतो. आमच्या गोव्याच्या हवेत ओलाव्याला काय तोटा!

पण डोक्यात पॅड बसले होते. कंपनीचेच घ्यावेत, सिरॅमिक घ्यावेत की घाटात न दमणारे आयात केलेले, यात पंधरा दिवस घालवले आणि शेवटी तिसरे घेतले. किंमत कंपनीच्या दुपटीहून जास्त. घरी आकडा थोडा कमी सांगितला.

मार्चमध्ये म्हापशाच्या एका गॅरेजमध्ये बसवले, ऑइलही बदललं. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या पकडीच्या, पिना ७ मिलिमीटरच्या अॅलन चावीने सुटतात आणि साध्या सेटमध्ये ६ नंतर थेट ८ असते. तिथेही नव्हती, मीच आणून दिली. पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल काढून घ्या, नाहीतर वर येऊन रंग खातं. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळायचे. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, पहिले दोन-तीन दाब पोकळच जातात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पत्रादेवीच्या बाजूला, मागेपुढे कुणी नाही असं बघून, नवे पॅड डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, नीट बसावेत म्हणून ८० वरून २० पर्यंत दहा वेळा वेग उतरवला. पूर्ण थांबायचं नाही, आणि शेवटी ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून सगळं थंड होऊ द्यायचं. हे न करताच लोक पॅडला नावं ठेवतात.

एप्रिल-मे मजेत गेले. पुन्हा चोर्ला, मग अनमोड. घाटाच्या तळाशी पेडल घाटमाथ्यावर होतं तसंच कडक. यात पॅडचा वाटा किती आणि नव्या ऑइलचा किती, हे मात्र मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. एक गैरसमज गेला: एकदाच जोरात ब्रेक मारला तर गाडी आधीपेक्षा लवकर थांबत नाही. कंपनीच्या पॅडवरही एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागायचंच, म्हणजे पकड टायरची संपते. फरक कळतो तो उतारावरच्या दहाव्या ब्रेकला.

आणि डिचोली ते पणजी या रोजच्या रस्त्यावर दहावा ब्रेक येतो कुठे? येतो तो पहिलाच, तोही थंड. जूनपासून सकाळी डिस्कवर गंजाचा तांबूस थर दिसायचा आणि घराबाहेरच्या वळणावर पॅड घासत, कण्हत थांबायचे. पहिले दोन ब्रेक लाकडी लागायचे. रिमवर काळी भुकटी साचायची आणि तिच्यावर आमची तांबडी धूळ.

ऑगस्टमध्ये गाडी उजवीकडे ओढू लागली. दुसऱ्या मेस्त्रीने डावं चाक काढलं: आतला पॅड ७ मिलिमीटर, बाहेरचा साडेनऊ. "पात्रांव, हें रबर सुजलां." पहिल्या गॅरेजने पिनांना साधं काळं ग्रीस फासलं होतं. त्याने पिनेभोवतीचं रबरी बुश फुगतं, पिन अडकते आणि पिस्टनकडचा पॅड एकटाच झिजतो. नवे बुश, पिना साफ, खर्च पॅडच्या मानाने किरकोळ. गाडी सरळ झाली. तेव्हा पॅड बदलताना मेस्त्रीच्या हातात कुठला डबा आहे, तेवढं बघा.

चवथीला वाळपईला पाच दिवस गाडी उभी होती. मागच्या चाकांना डिस्क नाहीत, ड्रम ब्रेकच आहेत. ओल्या हवेत हँडब्रेक ओढून ठेवला की ड्रमला आतून घासणारे शू चिकटतात. म्हणून सपाट जागी, ऑटोमॅटिक गिअर पी (पार्क) मध्ये टाकून, चाकाखाली दगड लावून ठेवली आणि निघताना काही त्रास झाला नाही.

आज नोव्हेंबर, ९,४०० किलोमीटर झाले. उजवीकडचे दोन्ही पॅड साडेनऊच्या आसपास आहेत, सकाळचं कण्हणं पावसाबरोबर थांबलं. महिन्यातून दोनदा बेळगाव करणाऱ्याने हे पॅड जरूर घ्यावेत. माझं जाणं वर्षातून चार वेळा. हे संपले की कंपनीचेच टाकणार आणि ऑइल मात्र दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्या संपल्या, बदलणार.