टेट्राब्युटिल अमोनियम हायड्रोजन सल्फेट: जादा पैसे कधी मोजावेत?

सातपूरच्या एका रसायन-विक्रेत्याकडून घेतलेला हा फेज ट्रान्सफर उत्प्रेरक (पाण्यातला अभिकारक, पाण्यात न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रावकाच्या थरात नेऊन अभिक्रिया घडवणारा क्षार) नेहमीच्या टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइडपेक्षा महाग पडला. माल शुद्ध आहे, तरीही तो सरसकट घ्यावा असे मी म्हणणार नाही.

दोन्ही क्षारांत धन आयन एकच असतो. फरक असतो तो त्याच्या जोडीदाराचा. पाण्यातला ऋण आयन टोल्युईनच्या, म्हणजे सेंद्रिय द्रावकाच्या, थरात एकटा जाऊ शकत नाही, तो या मोठ्या धन आयनाशी जोडी जमवूनच तिकडे जातो, आणि त्या जोडीसाठी पाण्यातल्या इतर ऋण आयनांशी त्याची चुरस असते. या चुरशीत आयोडाइड सर्वांत पुढे, मग ब्रोमाइड, मग क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड बरेच मागे, कारण पाणी ज्याला जितके घट्ट धरून ठेवते तितका तो सेंद्रिय थरात जायला नाखूश असतो. हायड्रोजन सल्फेटचा कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) सल्फेट होतो आणि दुहेरी भाराचा हा आयन पाणी सोडतच नाही, त्यामुळे धन आयन आपल्या कामासाठी मोकळा राहतो. मात्र यात थोडे कॉस्टिक खर्ची पडते, ते हिशेबात धरावे.

फिनॉल आणि बेंझिल क्लोराइडपासून ईथर बनवताना मला दोन्हींत सांगण्याजोगा फरक आढळला नाही. फिनॉक्साइड मुळातच सेंद्रिय थराकडे झुकणारा असल्याने ते अपेक्षितच होते. मिथिल आयोडाइडबरोबर अभिक्रिया सुरुवातीला झपाट्याने चालली आणि मग मंदावली, कारण बाहेर पडलेला आयोडाइडच धन आयनाला अडकवून बसतो. उत्प्रेरक म्हणून चिमूटभर घातलेला महागडा क्षार इथे काहीही वाचवत नाही. रसायनतज्ज्ञ ब्रँडस्ट्रॉम यांच्या आयन-जोडी निष्कर्षण पद्धतीत (ऋण आयन धन आयनाशी जोडी करून सेंद्रिय थरात ओढून घेण्याच्या पद्धतीत) तो अभिकारकाच्या तुल्य प्रमाणात, डायक्लोरोमिथेनसोबत घेतात, आणि माझ्या मते त्याची खरी जागा तिथेच आहे.

तक्रार आहे ती पॅकिंगची. नाशिकच्या पावसाळ्यात बाटलीचे आतले झाकण सैल निघाले, वरचे पांढरे स्फटिक ओलसर होऊन स्पॅच्युलाला चिकटू लागले आणि वजन करण्याआधी माल निर्वात शुष्कपात्रात ठेवावा लागला. विक्रेत्याने बाटली बदलून दिली, पण आठवडा गेला.

संहत कॉस्टिकबरोबर फार तापवल्यास हा धन आयन मोडून ट्रायब्युटिल अमीन तयार होते आणि त्याचा माशांसारखा वास येतो. हा दोष ब्रोमाइडमध्येही तितकाच आहे. रोजच्या ईथर-एस्टरसाठी ब्रोमाइडच घ्यावा, आणि हा क्षार लागलाच तर लहान सीलबंद बाटलीत मागवावा.