‘सगळ्या अबार्थ कागदावर फियाटच असतात’

इटलीतल्या तुरीनमध्ये नोकरीला येऊन मला अकरा वर्षं झाली. बाबांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे कुर्ल्यात बनलेली फियाट ११००. तिच्या बॉनेटखाली डोकं घालूनच मी मोठा झालो, त्यामुळे इथे जुनी फियाट दिसली की पाय आपोआप थांबतात. हे सांगतोय कारण मला जुनी गाडी विकू पाहणाऱ्यालाही ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. मीच सांगितलं होतं.

गाडी होती फियाट-अबार्थ ७५० झागातो. मुळात ही १९५५ साली आलेली साधी फियाट ६००, इंजिन मागे, ६३३ सीसी. साध्या फियाट वेगवान करून विकणाऱ्या कार्लो अबार्थने ते इंजिन ७४७ सीसीचं केलं आणि मिलानच्या झागातो या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने वर हाताने ठोकलेली अॅल्युमिनियमची बॉडी चढवली. टपावर दोन उंचवटे, बसणाऱ्या दोघांच्या डोक्यांना जागा व्हावी म्हणून. इटालियन लोक त्याला ‘गोब्बा’ म्हणतात, कुबड. इतकं देखणं कुबड मी दुसरं पाहिलेलं नाही. खरी गाडी आज लाखभर युरोला सहज जाते. ही अडुसष्ट हजारांना होती, आणि स्वस्त का याचं उत्तरही तयार होतं: भावाभावांत वाटणी करायची आहे.

माणूस साठीचा, बोलायला गोड. मला ‘इंजेनिएरे’ म्हणायचा. इटलीत इंजिनिअरला मानाने असं म्हणतात. ऑफिसात मला कोणी म्हणत नाही.

आरसी बुकावर नुसतं ‘फियाट ६००’ लिहिलेलं पाहून मी विचारलं. तो हसला. “इंजेनिएरे, सगळ्या अबार्थ कागदावर फियाटच असतात.” आणि यात तथ्य आहे हो! ७५० वर फियाटचाच चासी नंबर राहतो, हे मी आधीच वाचलं होतं. माझं वाचलेलं त्याच्या तोंडून ऐकलं आणि पुढचं सगळं मला पटत गेलं. मी खिशातून लोहचुंबक काढला (हो, घरून नेला होता), दाराला लावला. खाली पडला. अॅल्युमिनियम! मी खूश, तो माझ्याहून खूश.

बारा हजार युरो विसार दिला. पावतीवर ‘कापार्रा कन्फिर्मातोरिया’ असे शब्द होते. मला वाटलं, आगाऊ रक्कम. पण साध्या आगाऊ रकमेला इथे ‘अकोंतो’ म्हणतात. कापार्राचा कायदा वेगळा: विसार घेणाऱ्याने व्यवहार मोडला तर त्याच्याकडून दुप्पट मागता येते, विसार देणाऱ्याने मोडला तर विसार बुडाला.

मग एका म्हाताऱ्या ‘बात्तिलास्त्रा’ला गाडी दाखवायला नेलं. म्हणजे आपला डेंटरच, पण सपाट पत्र्यातून अख्खी गाडी घडवणारा. त्याने चुंबकाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, अॅल्युमिनियम तर आजही मिळतं. टेप काढून त्याने दोन्ही बाजू मापल्या. मिलिमीटरला मिलिमीटर सारख्या. “त्या काळी कोणाच्या हातून असं झालं नसतं,” म्हणाला. हातोडीने ठोकलेल्या बॉडीची डावी बाजू उजवीसारखी नसते, एका गाडीचं दार दुसरीला धड बसत नाही. मग चासी नंबरावरून अंगठा फिरवला आणि माझाही अंगठा धरून तिथे टेकवला. फियाट ६०० चा चासी नंबर १०० ने सुरू होतो; त्या आकड्यानंतर पत्र्यात बशीसारखा खळगा लागत होता. तिथलं एक अक्षर घासून, भरून, वर रंग मारला होता. डी. म्हणजे ६०० डी, १९६० नंतरची.

त्याच रात्री गाडीच्या नंबरावरून वाहन नोंदणीचा पूर्ण उतारा मागवला. इथे त्याला ‘एस्त्रात्तो क्रोनोलोजिको’ म्हणतात, पहिल्या मालकापासूनची सगळी नावं त्यात येतात. थोडक्या पैशांत, कोणालाही मिळतो. विसाराच्या आधी मागवला असता तर हे लिहायची वेळच आली नसती. पहिली नोंदणी १९६४. तोवर अबार्थ ७५० मागे टाकून ८५० आणि १००० सीसीपर्यंत पोचला होता. माझ्या ‘झागातो’खाली कोणाची तरी बाजारहाटाची गाडी होती.

फोन केला. या वेळी ‘इंजेनिएरे’ नाही. “तुम्ही माघार घेताय, विसार माझा.” मी अबार्थचं नाव काढलं तर म्हणाला, पावती वाचा. वाचली. ‘फियाट ६००, खास बॉडीसह.’ अबार्थ नाही, झागातो नाही, ७५० नाही. ती नावं फक्त तोंडी होती, आणि त्यातली निम्मी मीच उच्चारली होती.

वकीलबाईंच्या मते घासलेला नंबर हा वेगळा गुन्हा आहे आणि तिथूनच त्याला धरता येईल. तक्रार दिली आहे. बायकोने मात्र एकच विचारलं: चुंबक न्यायचं सुचलं, चष्मा न्यायचं नाही सुचलं?

परवा तीच गाडी विक्रीला दिसली. माझ्या वेळी राखाडी होती, आता लाल. किंमत चौऱ्याहत्तर हजार. वर्णनात लिहिलंय, ‘कागदपत्रं फियाटची, या गाड्यांत असतं तसंच.’