कोरडा उन्हाळा बरा की दमट?

थंड प्रदेश सोडून उष्ण हवेत राहायला गेल्यावर मी दोन्ही प्रकार भोगले: आधी कोरडी गरमी, मग समुद्राजवळची दमट. माझं मत स्पष्ट आहे, कोरडी गरमी परवडते.

कारण घाम. अंगावरचा घाम वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जातो. कोरड्या हवेत तो लगेच वाळतो, म्हणून ४० अंशांतही सावलीत बसलं की जीव थाऱ्यावर येतो. दमट हवेत मात्र तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, की शरीराला ते ४० च्या वर जाणवतं. घाम नुसता ओघळत राहतो. सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळी हाताला ओलसरच लागतो, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. आणि रात्र! कोरड्या हवेत जमीन रात्री झपाट्याने निवते, पहाटे चादर ओढावीशी वाटते. दमट हवेत बाष्प उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे झोपेचं खोबरं.

कूलरही कोरड्या हवेतच खरा उपयोगी. दमट जागी तो ओलावा वाढवतो, तिथे एसीच हवा.

त्वचा मात्र दमट हवेत मऊ राहते, हे मान्य. कोरड्या हवेत ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. शिवाय घाम दिसत नसल्याने पाणी प्यायचं राहून जातं. याला मी खरंच घाबरते. शरीर रुळायला दोन्हीकडे साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस भर दुपारी बाहेरची कामं काढू नका.