२४ पोर्टचा मॅनेज्ड पीओई स्विच : आठ महिने आणि तीन फर्मवेअरनंतर

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, मला ना कुणाची जाहिरात करायचीय ना बदनामी. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं प्रेस पार्टचं वर्कशॉप आहे, दोन शेड आणि वर ऑफिस, आणि आयटी म्हणजे मी एकटाच. आधी सगळीकडे ८ पोर्टचे साधे डबे (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारे स्विच) एकाच्या शेपटीला दुसरा असे जोडलेले, कुठला पिन हलला की कोण बंद पडेल याचा नेम नाही. फेब्रुवारीत शेठना पटवून एकदाचा २४ पोर्टचा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा स्विच घेतला, पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच डिव्हाइसला वीज देणं) बजेट ३७० वॉट. हार्डवेअरबद्दल तक्रार शून्य, मे महिन्यात पत्र्याखाली रॅक तापून निघाला तरी एकदाही हँग नाही. रडगाणं आहे ते सॉफ्टवेअरचं, म्हणजे स्विचच्या आतल्या फर्मवेअरचं.

पहिला झटका पीओईचा. दहा कॅमेरे लागले, अकरावा काही केल्या लागेना, आणि तो नेमका स्क्रॅपच्या ढिगाकडचा, म्हणजे शेठना जो सगळ्यात जास्त हवा तोच. कनेक्टर दोनदा नव्याने क्रिम्प केला, केबल टेस्टर लावला, कॅमेरा बदलून बघितला, शिडीवर चढउतार करून गुडघे गेले. मग लॉगमध्ये एक ओळ दिसली की या पोर्टला पॉवर नाकारलीय. आता नाकारायचं कारण काय, तर स्विच प्रत्यक्ष किती वॉट जातायत ते बघतच नव्हता, डिव्हाइस जो क्लास (जास्तीत जास्त किती वीज लागेल त्याचा गट) सांगेल त्याची पूर्ण पॉवर आधीच राखून ठेवायचा. कागदावर मांडलं : सहा वायफायचे ॲक्सेस पॉइंट क्लास ४ चे, प्रत्येकी ३० म्हणजे १८०, तीन आयपी फोन क्लास २ चे, ७ प्रमाणे २१, अकरा कॅमेरे क्लास ३ चे, १५.४ प्रमाणे १६९.४. बेरीज ३७०.४. अरे ०.४ वॉटसाठी तीन दिवस घालवले मी! आणि खरा वापर तेव्हा सव्वाशे वॉटसुद्धा नव्हता. एका ॲक्सेस पॉइंटला बाहेरून इंजेक्टर (वायरीत वीज सोडणारा वेगळा ॲडॉप्टर) लावून भागवलं. पुढे दुसऱ्या फर्मवेअरमध्ये प्रत्यक्ष वापराप्रमाणे वाटप असा पर्याय आला, तो निवडला आणि इंजेक्टर काढून ड्रॉवरमध्ये टाकला. आता दिवसा ११८ च्या आसपास दिसतं, रात्री कॅमेऱ्यांचे आयआर लाईट लागले की १४० पर्यंत जातं, बस.

दुसरी गंमत मल्टिकास्टची, म्हणजे एकच चित्र एकदाच पाठवून अनेकांनी बघायचं. गेटवरच्या टीव्हीवर आणि शेठच्या केबिनमध्ये एकाच कॅमेऱ्याचं चित्र मल्टिकास्टने जातं, आणि ते सगळ्या पोर्टवर सांडू नये म्हणून आयजीएमपी स्नूपिंग (कुठल्या पोर्टवर कोण बघतंय ते स्विचने ओळखून तिथेच पाठवणं) चालू केलं. झालं, चित्र मस्त चालायचं आणि चारेक मिनिटांनी फ्रीज. टीव्ही बंद करून चालू केला की परत चारेक मिनिटं. घड्याळ लावून बसलो तेव्हा कळलं की साधारण २६० सेकंदांचा हिशोब आहे, दोनदा १२५ आणि वर १०. म्हणजे कुणीतरी अधूनमधून 'अजून बघताय का' असं विचारावं लागतं, विचारणारा कुणी नसेल तर स्विच समजतो की बघणारा उठून गेला. हा विचारणारा म्हणजे क्वेरिअर. त्याची टिक मेनूत होती, मी लावली, चाललं. मग एकदा लाईट गेली, यूपीएसने पण मान टाकली, आणि परत आल्यावर टिक गायब! सेव्ह केलेलं असूनही. हे दर वेळेला. तिसऱ्या फर्मवेअरच्या रिलीज नोट्समध्ये याबद्दल एकच ओळ होती, ती वाचून मला जवळजवळ पेढे वाटावेसे वाटले.

सेव्हचं वेगळंच दुखणं आहे. अप्लाय दाबलं म्हणजे सेटिंग लागू होतं, पण टिकत नाही, त्यासाठी वर कोपऱ्यातलं इवलंसं सेव्ह वेगळं दाबायचं. पहिल्या महिन्यात अख्खी व्हीलॅनची (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क पाडायची) रचना अशी गमावलीय मी.

बरं, चांगलंही सांगतो. एप्रिलमध्ये अकाउंट्सच्या मॅडमनी टेबल हलवलं आणि फोनच्या मागच्या दोन्ही वायरी भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये खोचल्या, जागा होती म्हणून. फोनच्या आत छोटा स्विचच असतो, म्हणजे चक्क लूप झाला, डेटा गोल गोल फिरत राहणार. जुन्या डब्यांच्या काळात एवढ्यावर आख्खं वर्कशॉप झोपलं असतं आणि मी टेबलाखाली रांगत वायरी उपटत बसलो असतो. इथे बीपीडीयू गार्डने (असा लूप दिसला की पोर्ट बंद करणारी सोय) ते पोर्ट पाडलं आणि बाकी कुणाला पत्ताच नाही. (हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप टाळायची पद्धत, रेडिया पर्लमनबाईंनी १९८५ मध्ये रचला, चाळीस वर्षं झाली आणि अजून आपण त्यांच्याच पुण्याईवर.) फक्त वायर नीट करूनही पोर्ट मेलेलंच राहायचं, मला हाताने उठवावं लागायचं. दुसऱ्या फर्मवेअरपासून आपोआप उठायचा टायमर आलाय, मी ३०० सेकंद ठेवलाय.

घड्याळाची बोंब पण ऐका. सुरुवातीला टाइमझोन पूर्ण तासाचाच घ्यायचा, +५ किंवा +६, आपल्या +५:३० ला जागाच नाही. त्यामुळे स्विचचा लॉग आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) कायम अर्धा तास फरकाने. तेही दुसऱ्यात सुधारलं.

अपडेटचा अनुभव मात्र प्रत्येक वेळी वेगळा. पहिल्या अपडेटला रीबूटमध्ये पीओई गेलं आणि शेठच्या मोबाइलवर ओळीने अकरा 'व्हिडिओ लॉस'. रविवार, जेवणाची वेळ, पुढचं बोलणं छापण्यासारखं नाही. दुसऱ्या अपडेटनंतर लॉगिनचं पान अर्धवटच उघडायला लागलं, मला वाटलं स्विच गेला, घाबरून जुन्या इमेजवर, म्हणजे आधीच्या फर्मवेअरच्या प्रतीवर परत आलो (दोन इमेज ठेवतो, ही सोय लाख मोलाची), तर जुन्याला नवी कॉन्फिग वाचता येईना, बॅकअप होता म्हणून वाचलो. आणि दोष कशाचा निघाला? माझ्या ब्राउझरच्या कॅशचा. कंट्रोल एफ५ दाबलं असतं तर संपलं होतं. तिसऱ्या वेळी रीबूटमध्ये पीओई चालू ठेवायची नवी सोय भरवशाची समजून शेठना छातीठोक सांगितलं की या वेळी कॅमेरे हलणार नाहीत, तर त्या अपडेटमध्ये पीओई चिपचंही फर्मवेअर होतं, परत अकरा मेसेज. नोट्समध्ये लिहिलेलं होतं, तळाला, 'माहीत असलेल्या अडचणी'खाली, आणि मी वरची सुधारणांची यादी वाचून खूश होऊन बसलेलो.

चौथं फर्मवेअर डाउनलोड करून ठेवलंय. या वेळी नोट्स खालून वर वाचल्या, पीओई चिपला हात लावलेला नाही असं दिसतंय. तरी खंडेनवमीलाच टाकणार, पूजेसाठी मशिनं बंद असतात आणि शेठचा फोनही नारळ-हारांच्या गडबडीत खिशातच असतो.