जठरातील आम्ल उलटण्यावरील शस्त्रक्रिया : नागपूरच्या एका रुग्णालयाची सेवा

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावाहून मोठ्या भावाला अन्ननलिकेत आम्ल उलटण्याच्या जुनाट त्रासासाठी नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात नेले. तेथील सर्जननी घाई केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. दुर्बिणीची तपासणी, अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि 24 तासांची आम्लतेची नोंद झाल्यावरच त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती समजावल्या. निसेन पद्धतीत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण 360 अंश गुंडाळतात, तर टुपे पद्धतीत मागील बाजूने 270 अंश. आम्ल दोन्हींत जवळपास सारखेच रोखले जाते, मात्र पूर्ण वेढ्यानंतर घास अडकणे, पोट फुगणे आणि ढेकर न येणे या तक्रारी अधिक आढळतात. भावाच्या अन्ननलिकेची हालचाल मंद निघाल्याने टुपे निवडली गेली आणि तो निर्णय मला पूर्णपणे पटला. दोन्ही लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटावर लहान छेद देऊन दुर्बिणीने होतात.

उणीव पथ्याच्या कागदात आहे. त्यात सूप आणि ओट्स लिहिलेले; ज्वारीची भाकर केव्हा सुरू करायची, हे आम्हालाच विचारावे लागले, तेव्हा परिचारिकेने आधी पातळ वरण, मऊ भात आणि काही आठवड्यांनंतर वरणात कुस्करलेली भाकर असा क्रम सांगितला. हाच क्रम त्या कागदावर छापावा, अशी माझी रुग्णालयाला कळकळीची विनंती आहे.