कडी उघडून दाखवतो म्हणाला

माझी रास मेष. मार्च 2025 मध्ये शनी मीनेत गेला, तेव्हाच घरात ऐकवण्यात आलं होतं की तुमची साडेसाती लागली. मी विज्ञान शिकवतो, हसून सोडून दिलं. नोव्हेंबरात त्याच शनीपायी 7,800 रुपये घालवल्यावर घरात तोंड वर करायची सोय राहिली नाही.

आमची शाळा गेवराई तालुक्यात. शनीचं राक्षसभुवन इथून जवळच, गोदाकाठी. त्यामुळे शनी म्हटलं की पोरांना आधी तेल आणि काळे उडीद आठवतात. हा शनी दुर्बिणीतून दाखवायची माझी जुनी हौस. शाळेत 114 मिलिमीटर आरशाची दुर्बीण आहे. सप्टेंबरात पावसानं पार झोडपलं, दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं. मैदानात दुर्बीण लावली, पोरं रांगेत उभी. पहिल्याच पोरीनं डोळा लावला नि म्हणाली, "सर, कडी कुठंयत? ही तर नुसती काडी हाय!"

मी पाहिलं. खरंच, गोळीत आरपार काडी खुपसावी तसं. मला वाटलं, आरसा गेला. फसायची तयारी माझी इथंच झाली होती, विकणारा नंतर भेटला.

मोबाईलवर जाहिरात आली: दुर्बिणीचा व्हिडिओ कॅमेरा, 50 मेगापिक्सेल, ग्रह थेट टीव्हीवर. मेसेज केला. त्यानं आधी अडचण विचारली आणि मी शहाण्यानं काडीची सगळी कथा सांगून टाकली. "सर, आरशात काई दोष नाई. डोळ्यालाच तेवढं दिसत नसतंय. कॅमेरा लावा, कडी उघडून दिसतेत. हे बघा, परवाच आमच्या गच्चीवरून काढलंय." सोबत व्हिडिओ. रुंद कड्यांचा शनी, कड्यांमधली काळी फटसुद्धा स्पष्ट. लगेच यूपीआयनं पैसे पाठवले.

परवा काढलेला शनी तसा दिसणं शक्यच नव्हतं. शनीचा अक्ष सुमारे 27 अंशांनी कललेला आहे. सूर्याभोवती त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, त्यामुळे साधारण पंधरा वर्षांतून एकदा कडी आपल्याला धारेवरून दिसतात आणि जवळजवळ गायब होतात. 23 मार्च 2025 ला तेच झालं आणि नोव्हेंबरात ती पुन्हा इतकी मिटली होती की आपल्याकडे त्यांचा कल एक अंशही नव्हता. 1612 मध्ये खुद्द गॅलिलिओ यावरून चक्रावला होता. 2017 च्या सुमारास मात्र कडी पुरती उघडलेली होती. व्हिडिओ त्या वर्षांतला कुणाचा तरी उचललेला असावा. हे सगळं मी वाचलेलं होतं. वर्गात सांगितलंही असेल. दुर्बीण खरं बोलत होती आणि मी तिच्यावरच संशय घेतला.

पार्सल उघडलं तर प्लॅस्टिकच्या नळीत गोंदानं चिकटवलेला कॉम्प्युटरचा साधा वेबकॅम, त्याच्या भिंगासकट. दुर्बिणीवर लावताना हे भिंग काढायचं असतं, कारण दुर्बिणीचा आरसाच त्याचं काम करतो. ते ठेवलं की नुसता करडा धूर. लॅपटॉपला जोडून पाहिलं, तर सगळ्यात मोठं चित्र 640 बाय 480, म्हणजे तीन लाख ठिपके. 50 मेगापिक्सेल म्हणजे पाच कोटी!

फोन केला. "लॅपटॉप जुना असंल सर." मग "केबल बदलून बघा." मग ब्लॉक. लोक म्हणाले, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करा. पण बिल मी मागितलंच नव्हतं, दुकानाचा पत्ता नाही. तक्रारीत लिहू काय?

घ्यायचाच असेल तर सेन्सरचं, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचं, नाव विचारा आणि व्हिडिओ कॉलवर, लॅपटॉपला जोडून, चित्राचा आकार दाखवायला लावा. मेगापिक्सेलला भुलू नका. आमच्या 900 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत शनीच्या गोळ्याची प्रतिमा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान पडते, तिथं पाच कोटी ठिपके करणार काय? आणि "थेट टीव्हीवर" हे तर सोडूनच द्या. चांगला कॅमेरा लावला तरी हवेच्या थरथरीनं ग्रह पाण्यातल्यासारखा हलतो. आपण पाहतो ते सुंदर फोटो हजारो फ्रेममधून चांगल्या तेवढ्या निवडून, ऑटोस्टॅकर्टसारख्या फुकट सॉफ्टवेअरनं एकावर एक रचलेले असतात.

गंमत म्हणजे तोच वेबकॅम शेवटी चालला. भिंग काढलं, जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी बुडाशी कापून त्यावर बसवली. ती दुर्बिणीच्या सव्वा इंची नळीत नेमकी बसते. पोरांनी लॅपटॉपवर शनी पाहिला. थरथरणारी गोळी आणि काडी.

दुसऱ्या शिक्षकांच्या फोनवर त्या माणसाचा डीपी दिसतो. अजून तोच रुंद कड्यांचा शनी. कडी तशी पुरती उघडायला 2032 उजाडेल.